फोनवर वारलेली माणसं

कर्जतला जाऊन आले असं सांगितलं की मुंबईतली माणसं लगेच विचारतात, कुणाच्या फार्महाऊसवर? त्यांचंही चुकत नाही. तिकडे जाणारा माणूस एकतर कुणाच्या तरी पोहण्याच्या तलावाकाठी लोळायला जातो, नाहीतर धबधब्याखाली उभं राहून मोबाइल भिजवून येतो. मी गेले तेव्हा जानेवारी होता, धबधबे आटले होते आणि मी मेलेल्या माणसांच्या घरी भेटायला निघाले होते. हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. सांगलीहून नोकरीसाठी मुंबईत आले, एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयाच्या तळघरातल्या खोलीत संगणकासमोर बसले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथून उठले नाही. आता त्याच विभागाची प्रमुख आहे, खोलीला खिडकी मिळाली आहे, एवढाच फरक. रुग्णांच्या नोंदी नीट ठेवणं, एका माणसाची दोन माणसं होऊ न देणं, उपचारांनंतर कोण किती वर्षं जगलं हे शोधणं, हे माझं काम. शेजारणी अजून मला गुडघेदुखीवर औषध विचारतात आणि मी अजून त्यांना सांगते की बाई, मी आकड्यांची वैद्य.

या धंद्यात माझं नाव झालं ते फोनमुळे. पूर्वी उपचार संपवून गावी गेलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे कुणालाच कळत नसे. मी पाठपुराव्याची यंत्रणा बसवली. ठरावीक महिन्यांनी संगणक रुग्णाचं नाव पुढे करतो, आमच्या मुली फोन लावतात, ठरलेले प्रश्न विचारतात, उत्तरं भरतात. उत्तर नीट मिळालं नाही तर तेच नाव पुन्हा पुढे येतं. कुणी निसटता कामा नये, हा माझा हट्ट होता. देशोदेशीच्या सभांमधून मी या यंत्रणेविषयी इतकं बोलले आहे की घरी नवरा म्हणतो, झोपेतही तेच बडबडतेस.

या यंत्रणेतून आलेला एक आलेख मात्र मला छळत होता. शेजारच्या सगळ्या तालुक्यांतल्या रुग्णांची रेषा हळूहळू उतरत जाते. कर्जत-खालापूरच्या रुग्णांची रेषा पहिल्या दोन-तीन वर्षांतच धाडकन खाली येते. आजार तोच, डॉक्टर तेच, औषधं तीच. मग इथली माणसं एवढी भराभर का मरतात? माझ्या मनात उत्तर जवळपास तयार होतं. कारखान्यांचा पट्टा आहे, पाण्यात किंवा हवेत काहीतरी असणार. ते सिद्ध झालं असतं तर माझ्या कारकिर्दीवर कळस चढला असता, हेही खरं. म्हणून ठरवलं की ज्यांची नोंद ‘मृत’ अशी आहे त्यांच्या घरी स्वतः जायचं आणि शेवटचे दिवस कसे गेले ते घरच्यांना विचारायचं.

बरोबर वैदेही होती. ही माझ्या विभागातली मुलगी, डोंबिवलीची, फोनवर बोलावं तर हिनंच. या तालुक्यांचे बहुतेक फोन तिनंच केलेले. दुखवट्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आम्ही केळी आणि बिस्किटांचे पुडे गाडीत टाकले आणि निघालो.

मोहोपाडा

कारखान्याच्या वसाहती सगळीकडे सारख्याच असतात, तशीच ही. रंग उडालेल्या इमारती, मध्ये आंब्याचं झाड, झाडाखाली निवृत्त मंडळी. पहिलं नाव दत्ताराम घरत यांचं होतं. जबड्याचा कॅन्सर, शस्त्रक्रिया, वर्षभरानं मृत्यू. (इथली सगळी नावं बदलली आहेत, आणि लिहायची परवानगी घेतली आहे.)

दार एका बनियनमधल्या म्हाताऱ्यानं उघडलं. एक गाल खोल गेलेला. वैदेहीनं हात जोडून आपल्या मऊ आवाजात सांगितलं, “आम्ही हॉस्पिटलमधून आलोय. दत्ताराम घरतांचं कळलं, फार वाईट वाटलं.”

“मलाबी लई वाईट वाटलं,” म्हातारा म्हणाला. “या, बसा. मीच दत्ताराम.”

आम्ही केळी हातात धरून बसलो. आतून सुनेनं चहा आणला, तो आमच्याकडे बघण्याचं टाळून ठेवला आणि ती पुन्हा आत पळाली. एवढ्या वर्षांत चुकीची नोंद मी पाहिली नव्हती असं नाही, पण ती कागदावर पाहिली होती. इथे ती समोर बसून बशीत चहा ओतत होती.

“अवो, तुमचा फोन यायचा ना,” घरतकाका समजुतीच्या सुरात सांगू लागले. “गिळता येतं का, रक्त पडतं का, तंबाखू सोडली का. फोन सून घ्यायची, स्पीकरवर. आमच्यात फोन कानाला कोन लावतंय? सगळी वसाहत ऐकायची. बोललो, नका करू फोन, मी बरा हाय. तरी यायचा. राँग नंबर सांगितला, तरी यायचा. मग पोरगा बोलला, बाबा वारले. तवापासनं शांत.”

“तुम्हाला चाललं ते?”

“मला काय होतंय? पेन्शनवाल्यांना थोडंच सांगितलंय.”

ते मनापासून हसले. वैदेही हसली नाही, मीही नाही. माझी यंत्रणा दोनच गोष्टींनी गप्प बसत होती. एकतर सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्या, नाहीतर मरा. तिसरा रस्ता मी ठेवलाच नव्हता आणि तसा तो असावा हे मला कधी सुचलंही नव्हतं. केळी तिथेच ठेवली. निघताना घरतकाका म्हणाले, आता आला आहात तर माझं नाव परत चालू करू नका. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

खालापूर

एक म्हातारा थट्टेखोर निघाला म्हणून आलेख कोसळत नाही, अशी मी रात्रभर स्वतःची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी खालापूरला गेलो. वर द्रुतगती मार्गावरून गाड्यांचा ओघ चाललेला असतो आणि खाली हे गाव आपल्या चालीनं तहसील कचेरीसमोर उन्हात बसलेलं. दाखल्यासाठी आलेली माणसं, झेरॉक्सची दुकानं, वडाप जीपवाल्यांच्या हाका. आमच्या सांगलीकडे कचेरीसमोर उसाचा रस आणि भडंग. इथे वडे, भजी आणि वालाच्या शेंगांच्या पाट्या.

दुसरी मेलेली बाई भजी तळत होती.

तिनं आम्हाला ओळखलं नाही, आम्ही ओळख सांगितल्यावर झारा हातातून खाली ठेवला आणि आजूबाजूला पाहिलं. मग गिऱ्हाईक नसल्याची खात्री करून हळूच म्हणाली, “मी बरी हाय, ताई. पण हितं नका बोलू. माझ्या हातचं खातात लोकं.” तिच्या अन्ननलिकेचा आजार पूर्ण बरा झाला होता. तो कुणाला भज्यांतून लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

“तुम्हाला हे सुचवलं कुणी?”

“बचत गटात बोलतात ना बायका. दवाखान्याचा फोन बंद करायचा तर हाच उपाव, बोलली एकजण. बाकी कशानं बंद होत नाय.”

म्हणजे ही युक्ती पाककृतीसारखी घरोघरी फिरत होती. जे बरे झाले होते, ज्यांना लपवण्यासारखं आयुष्य परत मिळालं होतं, तेच स्वतःला मारून घेत होते. खरोखर मेलेल्यांची नोंद होत होतीच. वर बरे झालेलेही त्यांच्यात जाऊन बसत होते. आणि हा आलेख मी मोठ्या पडद्यावर लावून सांगत होते की या भागातल्या माणसांना उपचार लागू पडत नाहीत!

गाडीत बसल्यावर वैदेही रडायला लागली. मृत्यूची बातमी मिळाली की मुलींनी काय बोलायचं ते मीच लिहून दिलं होतं: ‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ ही मुलगी ते दर वेळी मनापासून म्हणत होती. तिनं भजीवालीसाठी घरी जाऊन उदबत्ती लावली होती म्हणे. मला तिची कीव आली, स्वतःचा संताप आला आणि खरं सांगायचं तर हसूही आलं, आणि यातलं आधी कशाला वाट द्यावी ते कळेना. भज्यांचा पुडा तसाच गार झाला.

कर्जतच्या अलीकडचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला. भात निघून गेलेल्या खाचरांत वाल हिरवागार उभा होता आणि मधूनमधून ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाट्या. सुनंदा भोईर तिथेच वालाच्या शेंगा खुडत होती. स्तनाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया, पुढच्याच वर्षी मृत्यू, असं माझा संगणक सांगत होता. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला.

आता धक्का बसणार नाही असं वाटलं होतं. वैदेहीनं बांधावरून नुसतं विचारलं, “सुनंदाताई का?” आणि त्या बाईच्या हातातल्या शेंगा ओच्यात न पडता खाली पडल्या.

“हा आवाज तुजा का गं?” ती म्हणाली. जवळ येऊन वैदेहीचं तोंड निरखून पाहिलं. “केवढीशी हायस. त्या दिशी लई गोड बोललीस तू. मी बोलले ती वारली, तर तू बोललीस, त्यांच्या पोरींना सांभाळा. मला हुंदका आला बघ. माझ्या मरणाला माझ्याशिवाय तूच रडलीस.”

ही पहिली होती जिनं दुसऱ्या कुणाकडून न म्हणवता स्वतःच स्वतःला मारलं होतं.

संध्याकाळी तिनं आम्हाला परत जाऊ दिलं नाही. नवरा, बाळाराम भोईर, मितभाषी माणूस, शेतात पोपटी लावत होता. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मध्ये अंडी, तोंडाशी पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. मी शहाणपणानं मडकं लवकर उघडायला गेले आणि हात भाजून घेतला. बाळारामनी माझ्या बोटांना कोरफड लावली. आमच्याकडे हुरडा खातात तो चटणी-दह्याशी, बसून, ऐटीत. इथे शेंग सोलत उभ्या उभ्या खायची आणि बोटं चाटायची. भांबुर्ड्याचा तो रानवट वास अजून माझ्या ओढणीत आहे.

खाता खाता सुनंदानं आपल्या मरणाची गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी थोरल्या कविताला बघायला नेरळकडचे पाहुणे आले होते. बैठक जमलेली, कांदेपोहे वाढलेले, होणारी विहीण घरात सतरंजीवर बसलेली. तेवढ्यात फोन वाजला. कवितानं सवयीनं स्पीकर लावला आणि वैदेहीचा आवाज सगळ्या घरभर घुमला: कॅन्सर हॉस्पिटलमधून बोलतेय, सुनंदा भोईर आहेत का?

“मी उठले, फोन घेतला, बोलले वारली ती. पावण्यांना सांगितलं, आमची चुलत जाऊ, तिचंबी नाव सुनंदा. पोहे तोंडात होते सगळ्यांच्या. विहीण बोलली, अरेरे. लगीन ठरलं.”

“आणि तपासणी?”

“मेलेलं माणूस कसं जाणार तपासाया? तिथं माझं नाव पुसलं असंल. आन गेले आन कुनी बघितलं तर?”

कविताला आता सातवा महिना होता. आईला हा आजार होता हे सासरी कळलं तर रक्तातच आहे म्हणतील, पोरीला बोल लावतील, पोटातल्या बाळापर्यंत जातील, ही सुनंदाची भीती. ती वेडगळ आहे असं मला म्हणता येईना. लग्न जमवताना माणसं काय काय उकरून काढतात ते सांगलीतही पाहिलं आहे.

मग बाळाराम पेंढा विझवायला गेले, तेव्हा तिनं माझा तो भाजलेला हात धरून आपल्या काखेपाशी नेला. “हितं बगा, ताई. दिवाळीपासनं हाय.”

बोटांखाली वाटाण्याएवढं काहीतरी टणक लागलं. मी घाबरले. गाठींच्या मापांचे रकाने मी आयुष्यभर भरले आहेत. गाठीला हात मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला.

“उद्या चला माझ्याबरोबर,” मी म्हटलं.

“उद्या विहीणबाय कविताला घेऊन येतायत, पयल्या बाळंतपणाला. पोर मोकळी होऊ दे. मग येते.”

“तोपर्यंत चार महिने जातील, सुनंदाताई. परत आला असेल तर चार महिने म्हणजे फार.”

“गेले तर गेले. पोरीचा संसार तर राहील.”

मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले. आकडे सांगितले, तेही फेकून दिले तिनं. शेवटी तिनं वचन घेतलं की उद्या विहिणीसमोर मी तोंड उघडायचं नाही. आम्ही कृषी खात्याकडून वालाची पाहणी करायला आलो आहोत, असं सांगायचं. मी वचन दिलं आणि स्वतःवर चरफडत झोपले.

त्याच घरात, दुसऱ्या दिवशी

विहीणबाई टेंपोरिक्षातून उतरल्या. ठसठशीत कुंकू, नाकात मोठी नथ, आवाज असा की अंगणातली कुत्री बाजूला झाली. मागून कविता, जड पावलांनी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट असा बेत होता. विहीणबाईंनी बिरड्यातला नारळ, सुनंदाचा वाळलेला चेहरा आणि माझे कापलेले केस या तिन्ही गोष्टींवर मत दिलं. मला तर त्यांच्यासमोर पाण्याचा घोट घ्यायचीही भीती वाटत होती. मात्र सुनेच्या पानात त्या स्वतः तूप वाढत होत्या, हे मी पाहिलं.

जेवणं झाली. बाळाराम ओटीवर गेले. वैदेही सकाळपासून मुक्यासारखी होती, पण कविता उठताना धडपडली तशी तिच्या तोंडून निघून गेलं, “सावकाश हं, ताई.”

विहीणबाईंचा सुपारी कातरणारा हात थांबला.

“हा आवाज मी ऐकलाय.”

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं.

“ह्याच घरात ऐकलाय. फोनवर. तुमची ती चुलत जाऊ वारली तवा.” त्यांनी वैदेहीकडे नीट पाहिलं. “तू दवाखान्यातली का गं, पोरी?”

आता ही बाई घर डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री झाली. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला आणि त्या सुनंदाला भलतंच विचारू लागल्या. ती जाऊ दवाखान्यात गेली होती ना? वेळेवर गेली होती का? कापलं का तिला? औषध लागू पडलंच नाही का? किती दिवस काढले तिनं? फार हाल झाले का?

एका मेलेल्या परक्या बाईची एवढी चौकशी तीन वर्षांनी कशासाठी, ते मला कळेना. सुनंदा पहिल्या दोन प्रश्नांना मान हलवत राहिली. औषध लागू पडलं नाही का, या प्रश्नाशी ती अडली. खोटं तिच्या ओठाशी आलेलं मला दिसत होतं. तिनं कविताकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“पडलं,” ती म्हणाली. “लागू पडलं औषध. ती मीच, विहीणबाय. जाऊबिऊ कुनी नाय. मीच वारले बोलले त्या दिशी. माझ्या पोरीला काय बोलू नका. हवं तर मला बोला.”

कविता भिंतीला टेकली. विहीणबाईंचा चेहरा मला वाचता येईना. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला, कविताला म्हणाल्या, “तू जरा भाईर बस गं, बाय,” आणि ती गेल्यावर स्वतः उठून स्वयंपाकघराचं दार लावलं.

“खरं बोलता?”

“खरं.”

“दाखवा.”

सुनंदानं पदर बाजूला केला. सपाट जागा, आडवा बुजलेला व्रण. विहीणबाई वाकून, डोळे बारीक करून पाहत राहिल्या. एक बोट पुढे केलं आणि तो व्रण हळूच चाचपला. मग, आम्हा कुणाला काही समजायच्या आत, त्यांनी आपल्या चोळीची गाठ सोडली.

आत हळदीनं पिवळं झालेलं फडकं होतं. फडकं निघालं तसा वास आला. त्याखाली जे होतं ते मी इथे लिहिणार नाही. चित्रांमध्ये, अहवालांमध्ये मी ते पाहिलं आहे, त्याला आमच्याकडे शेवटच्या टप्प्यांतला एक आकडा असतो. मी तिथेच जात्याच्या बाजूला खाली बसले. वैदेहीनं तोंडावर हात दाबला.

“दीड वरीस झालं,” विहीणबाई म्हणाल्या. “घरात कुनाला म्हाईत नाय.”

सुनंदानंच पुढे होऊन ते फडकं पुन्हा नीट लावलं आणि चोळीची गाठ बांधून दिली.

मुंबई आणि परत

दोघींना घेऊन मी मुंबईत आले. नोंदणीच्या खिडकीवर आमच्याच माणसानं सुनंदाला सांगितलं की या नावाची रुग्ण मरण पावली आहे, जुनी फाइल उघडता येत नाही. तो नियमही माझाच होता. “मग मी आता कुठं जाऊ?” सुनंदानं त्याला शांतपणे विचारलं. माझी चार माणसं आणि संबंध दुपार खर्ची पडली तेव्हा ती बाई संगणकात जिवंत झाली. आता रुग्ण गावी जाण्याआधीच त्याला विचारलं जातं की फोन केलेला चालेल का, कुणाला करायचा आणि आमचं नाव घ्यायचं की नाही. एवढं साधं विचारायला मला एवढी वर्षं आणि एवढे मेलेले लागले. आलेखही मी मागे घेतला आहे.

तपासण्यांचे निकाल यायला काही दिवस गेले. सुनंदाची गाठ जुन्या टाक्यांजवळची साधी गाठ निघाली. विहीणबाईंचा आजार हाडांपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, त्रास कमी करू म्हणाले, आयुष्य वाढवू म्हणाले. बरं करू, असं मात्र म्हणाले नाहीत, आणि विहीणबाई एवढ्या चतुर की जे म्हटलं गेलं नाही तेच त्यांनी ऐकलं.

त्यांना परत सोडायला मीच गाडी घेऊन गेले. चौक गावाच्या फाट्याला चहासाठी थांबलो. एरवी बडबडणाऱ्या विहीणबाई वाटभर गप्प होत्या. सुनंदा त्यांना समजावत होती की केस जातात पण परत येतात, पहिल्या सुईला मळमळतं, लिंबू हुंगायचं, मी सगळं शिकवते, मी येऊन राहते तुमच्याकडे. कविताचं बाळंतपण नेरळलाच करू, म्हणजे दोघींकडे बघता येईल. विहीणबाई ऐकत होत्या. चहा आला तो त्यांनी उचलला नाही.

“गाठ पयल्यांदा हाताला लागली ना,” त्या म्हणाल्या, “तवा सुपारीएवढी होती. पोरानं लगेच नेलं असतं मला, पोट दुखतंय बोलले असते तरी नेलं असतं. पण मला तुमच्या घरातला तो फोन आठवला. म्हटलं, त्या बाईनं दवाखाना केला, कापून घेतलं, तरीबी मेलीच. मग कशाला जायचं?”

सुनंदानं हातातला पेला खाली ठेवला.

“त्यानंतर किती येळा तुमी माझ्या पंगतीला जेवलात, विहीणबाय,” विहीणबाई सुनंदाला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. “माझ्या समोर बसून. आन मला ठावच नाय, यातनं माणूस वाचतं म्हणून.”